सर्जचं पाणी ओसरलं की आधी गाडी, मग भिंती

फ्लोरिडात टॅम्पा बेच्या कडेला सखल भागात राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी हे लिहितोय, दर वादळांच्या सीझनला व्हॉट्सॅपवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून. २६ सप्टेंबर २०२४ ला हेलीन चक्रीवादळ आमच्यावर आलंच नव्हतं खरं तर, लांब समुद्रातून वर जाऊन पेरी गावाजवळ धडकलं, तरी रात्री वादळाने ढकललेलं खाडीचं पाणी (यालाच सर्ज म्हणतात) दारातून आत. सकाळी फ्रिज किचनमध्ये उताणा, आणि गॅरेजमधल्या इलेक्ट्रिक गाडीच्या दारावर हँडलच्या जरा खाली चिखलाची सरळ रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी.

तर पहिलं काम गाडीचं. चालू होते का बघायचा मोह आवरा (मी किल्ली घेऊन निघालोच होतो, बायकोने अडवलं). चार्जरला तर अजिबात लावू नका. पावसाचं पाणी वेगळं आणि समुद्राचं वेगळं, खारं पाणी बॅटरीत शिरलं की सुकल्यावर मीठ मागे राहतं, त्यातून करंट वाहतो, आत शॉर्ट होतं आणि आग लागते, तीही लगेच लागेल असं नाही, कधी कधी आठवड्या-दोन आठवड्यांनी. २०२२ ला इयन वादळानंतर फोर्ट मायर्सच्या बाजूला फायरवाल्यांनी हेच अनुभवलं, विझवलेली गाडी परत पेटायची. म्हणून गाडी घरापासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून निदान ५० फूट लांब, उघड्यावर. स्वतः ढकलत बसू नका, टोवाल्याला फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर घेणारा ट्रक) घेऊन बोलवा आणि फोनवरच सांगा की गाडी खाऱ्या पाण्यात बुडालेली आहे. धूर, फुसफुस, बुडबुड्यांचा आवाज आला तर लांब व्हा आणि ९११. ई-बाईक, स्कूटर, गोल्फ कार्ट यांनाही हेच लागू, ते सगळे विसरतात.

गाडीचा क्लेम कार इन्शुरन्समधल्या कॉम्प्रिहेन्सिव्हवर होतो, घराच्या फ्लड इन्शुरन्सवर नाही. आणि नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये फ्लड नसतोच, ते वेगळं घ्यावं लागतं. एनएफआयपी म्हणजे सरकारी फ्लड इन्शुरन्स, त्याची मर्यादा घरासाठी अडीच लाख डॉलर, सामानासाठी एक लाख, आणि पॉलिसी सहसा ३० दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर धावपळ करून उपयोग शून्य.

आता घर. माझं मूळ गाव चिपळूण, तिथे २०२१ ला पाणी भरलं तेव्हा भावाने चिखल उपसला, भिंती धुतल्या, सुकू दिलं आणि परत राहायला लागला. इथे तसं चालत नाही, बाहेरून सिमेंटचे ब्लॉक असले तरी आतून ड्रायवॉल (जिप्समच्या शीटची भिंत) असते, ती पाणी वर ओढते. आधी प्रत्येक खोलीचे, पाण्याच्या रेघेचे, फ्रिज-एसीच्या सिरीयल नंबरचे फोटो काढा, मग भिंत चार फुटांपर्यंत कापा (शीट चार फुटांचीच येते, नवी बसवायला सोपं जातं), ओलं इन्सुलेशन फेका, पंखे आणि डीह्युमिडिफायर लावा. मॉइश्चर मीटर विकत घ्या, हाताला कोरडं लागलं म्हणजे लाकूड कोरडं झालं असं नसतं, घाईत नवी ड्रायवॉल ठोकली की आतून बुरशी.

पण परमिटशिवाय बांधकाम सुरू करू नका, इथेच लोक अडकतात. फेमाने (सरकारी आपत्ती खातं) ठरवलेल्या फ्लड झोनमध्ये दुरुस्तीचा खर्च घराच्या नुकसानाआधीच्या किमतीच्या ५० टक्के किंवा जास्त निघाला तर घर आत्ताच्या नियमाप्रमाणे उचलावं (म्हणजे पुराच्या पातळीच्या वर न्यावं) लागतं नाहीतर पाडावं लागतं. किंमत फक्त इमारतीची, जमिनीची नाही! म्हणजे साडेचार लाखाचं घर घेतलं असेल आणि त्यात इमारत एक लाख ऐंशी हजाराची असेल, तर तुमची रेघ नव्वद हजारावर. स्वतः हाताने काम केलंत तरी मजुरी बाजारभावाने धरतात. काउंटीने धरलेली किंमत कमी वाटली तर खासगी अप्रेझल (किमतीचं मूल्यांकन) करून घ्या, तो खर्च वाया जात नाही. आणि घर उचलायची वेळ आलीच तर एनएफआयपीत त्यासाठी ३०,००० डॉलरपर्यंत वेगळी मदत आहे, आपणहून कोणी सांगत नाही, विचारा. दारावर येऊन आगाऊ पैसे मागणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरला सरळ नाही म्हणा.

घर उचललं तर खाली फक्त पार्किंग, सामान आणि जिना, खोली काढायची नाही. गाडीचा चार्जर आणि त्याचा ब्रेकर तिथे कमरेएवढ्या उंचीवर लावून देतो म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटेल, ऐकू नका, बेस फ्लड एलिव्हेशनच्या (फेमाने तुमच्या भागासाठी धरलेल्या पुराच्या पातळीच्या) वरच बसवायला लावा.

पुन्हा इलेक्ट्रिकच घ्यायची का? मी घेतली. ३० सप्टेंबर २०२५ ला नव्या गाडीवरचं ७,५०० आणि जुन्यावरचं ४,००० डॉलरचं टॅक्स क्रेडिट संपलं, त्याआधी लोकांनी झुंबड केली, नंतर विक्री पडली. जुनी घेत असाल तर वादळात बुडालेल्या गाड्या लांबच्या राज्यात चकाचक होऊन विकायला येतात हे लक्षात ठेवा, गाडीचा व्हिन (चासी) नंबर व्हिनचेक या वेबसाइटवर फुकट टाकून बघा आणि सीट मागे सरकवून रूळ बघा, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. माझ्या दुसऱ्या नंबरच्या पसंतीच्या गाडीत बेल्टच्या तळाशी वाळू निघाली. डीलर म्हणे, बीचवर गेले असतील कोणीतरी.