ट्रान्सपरन्सीवर डिजिटल निगेटिव्ह: आधी वेळ ठरवा, मग फोटो छापा

सायनोटाइप (लोहाची रसायनं लावलेला कागद उन्हात ठेवून निळं चित्र काढायची पद्धत) करायला घेतलं की पहिले काही दिवस पानं, फुलं, लेसचे तुकडे असं घरातलं सगळं उन्हात ठेवून होतं, आणि मग एक दिवस वाटतंच की मोबाईलमधला आजीचा फोटो पण असा निळा काढता आला तर! तिथून निगेटिव्हचा प्रश्न सुरू होतो. जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये काढलेली ही पद्धत इतकी मंद आहे की एन्लार्जरच्या (छोटी निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या) दिव्याने तिला काही होत नाही, ऊन किंवा यूव्ही (अतिनील) लाइटच लागतो, म्हणून जेवढी प्रिंट हवी तेवढ्याच मापाची निगेटिव्ह कागदाला चिकटून ठेवावी लागते. पूर्वी त्यासाठी मोठा कॅमेरा लागायचा, आता घरातला इंकजेट प्रिंटर आणि एक ट्रान्सपरन्सी, म्हणजे पारदर्शक फिल्म, पुरते.

पण एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. आपल्या डोळ्याला जे काळं दिसतं ते यूव्हीला काळं असेलच असं नाही. निगेटिव्ह खिडकीसमोर धरून "मस्त आलीय" म्हणण्याला काही अर्थ नसतो, ती कशी आहे ते फक्त धुऊन वाळलेली प्रिंट सांगते. मी सुरुवातीला हेच उलटं केलं, फोटो एडिट करत बसले, कॉन्ट्रास्ट वाढव, कमी कर, फिल्मचं अख्खं पाकीट संपलं आणि हाताला काही लागलं नाही. म्हणून खाली लिहिलंय त्या क्रमानेच जा.

फिल्म घेताना दुकानात नुसतं "ओएचपी शीट" मागू नका, कारण साधी शीट किंवा झेरॉक्सवाल्यांची लेझरची शीट दिली तर शाई तिच्यावर थेंब थेंब होऊन बसते, वाळतच नाही. इंकजेटची कोटिंगवाली हवी. पिक्टोरिकोची फिल्म या कामासाठी जगभर वापरतात पण महाग पडते, शिकताना स्क्रीन प्रिंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात इंकजेट पॉझिटिव्ह फिल्म मिळते तिच्यावर हात बसवा. लग्नपत्रिका छापणारे लेझर प्रिंटरने छापलेल्या ट्रेसिंग पेपरवर काम भागवतात ते अक्षरांना ठीक आहे, अक्षर एकतर काळं असतं नाहीतर नसतं, पण चेहऱ्यावरच्या बारीक छटा त्यात येत नाहीत. कोटिंगची बाजू ओळखायला कोपऱ्याला ओलसर बोट लावा, जी बाजू चिकट लागेल तीच छापायची. आणि फिल्म हाताळताना सुती हातमोजे घाला, बोटाचा ठसा प्रिंटमध्ये दिसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, एक्सपोजरची वेळ. यासाठी फोटो लागत नाही, प्रिंटर पण लागत नाही. नेहमीसारखं द्रावण करा. मी जुनाच फॉर्म्युला वापरते, १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या १०० मिलीत १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, लावायच्या आधी दोन्ही समसमान मिसळायचं. कागदाला लावून अंधारात पूर्ण वाळवा. मग त्यावर न छापलेली कोरी फिल्म ठेवा, वर काच, आणि जाड काळ्या पुठ्ठ्याने झाकत झाकत २, ४, ६ असं १६ मिनिटांपर्यंत पट्ट्या पाडा. धुवा, वाळवा आणि निकाल दुसऱ्या दिवशी बघा, कारण हवा लागून निळा आणखी गडद होत जातो. ज्या पट्टीनंतर पुढच्या पट्ट्या अजून गडद होत नाहीत ती तुमची वेळ. समजा १० मिनिटं आली, तर इथून पुढे १० च, फोटो कुठलाही असो. प्रिंट फिकी आली म्हणून वेळ वाढवायची नाही, दुरुस्ती निगेटिव्हमध्ये करायची.

उन्हाचा त्रास असा की ते रोज सारखं नसतं, पुण्यात मे महिन्यातलं दुपारी बाराचं ऊन आणि डिसेंबरातलं ऊन यात खूप फरक पडतो आणि मधेच ढग आला की हिशोबच राहत नाही. गच्चीवर करायचं असेल तर निरभ्र दिवशी ठरावीक तासातच करा. नाहीतर माश्या-डास पकडायच्या मशीनमध्ये असतात त्या यूव्ही-ए ट्यूबा बसवून पेटी करून घ्या, मग पावसाळ्यातही काम होतं. जंतू मारायच्या यूव्ही-सी ट्यूबा मात्र चुकूनही आणू नका, डोळ्यांना आणि कातडीला इजा होते.

वेळ ठरली की शाई तपासायची. चार शाईच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट (बारीक कणांची) आणि बाकीच्या तीन डाय (विरघळलेल्या रंगाच्या) असतात, आणि फोटो पेपर निवडला की प्रिंटर ती काळी बाजूला ठेवून उरलेल्या तिघींमधून काळा बनवतो. असा काळा डोळ्याला दाट वाटतो पण यूव्ही त्यातून आरपार जातं. उलट पिवळा डोळ्याला अगदी पातळ दिसतो आणि यूव्ही मात्र चांगलं अडवतो. म्हणून एका फिल्मवर काळा, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, पोपटी असे चौकोन छापा आणि ठरलेल्या वेळेला एक्सपोज करा. ज्या चौकोनाखाली कागद अगदी पांढरा राहिला तो रंग तुमच्या प्रिंटरचा. कुणाला हिरवा चालतो, कुणाला लाल, दुसऱ्याचं बघून ठरवू नका, स्वतःच्या मशीनवर बघा. एकही रंग पांढरा ठेवत नसेल तर शाई कमी पडतेय, प्रिंट क्वालिटी वरची निवडा किंवा मीडिया टाइप बदलून बघा.

यानंतर कर्व्ह, म्हणजे फोटोतल्या छटा प्रिंटमध्ये तशाच याव्यात म्हणून एडिटिंगमध्ये आधीच केलेली दुरुस्ती. याला लोक घाबरतात पण नुसती शाळेतली पट्टी आहे. ० पासून १०० टक्के काळ्यापर्यंत ५-५ च्या अंतराने २१ चौकोन बनवा, त्यांची निगेटिव्ह करून निवडलेल्या रंगात छापा, प्रिंट काढा, वाळू द्या, मग स्कॅन करा. स्कॅनरचं ऑटो करेक्शन सगळं बंद पाहिजे. सगळ्यात फिका चौकोन ० धरा, सगळ्यात गडद १००, आणि बाकीचे कुठे बसतात ते वहीत लिहा. समजा ५० चा चौकोन ७५ इतका गडद आला, आणि खरा ५० दिसतोय ३० च्या चौकोनात, तर कर्व्हमध्ये इनपुट ५० ला आउटपुट ३० द्यायचं. असे सात-आठ बिंदू घेतले तरी पुरतात, कर्व्ह गुळगुळीत ठेवा, खाचखळगे नकोत. सेव्ह करा, तोच कर्व्ह लावून पट्टी परत छापा, दुसऱ्या वेळेस बरीचशी सरळ येते. कागद बदलला, द्रावण बदललं, फिल्म बदलली तर कर्व्ह नवीन.

आता फोटो. फोटोशॉप असो की गिम्प, क्रम असा: ब्लॅक अँड व्हाइट करा, १६ बिटमध्ये ठेवा, हव्या त्या मापाला ३०० किंवा ३६० पीपीआय, डोळ्याला आवडेल असा एडिट करा, मग कर्व्ह, मग इन्व्हर्ट (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं), मग आडवा फ्लिप. कर्व्ह इन्व्हर्टच्या आधीच लावायचा कारण आपण तो पॉझिटिव्हवर मोजलाय. फ्लिप यासाठी की शाईची बाजू खाली कागदाला टेकली पाहिजे, शाई वर राहिली तर फिल्मच्या जाडीतून उजेड आत शिरतो आणि कडा धूसर येतात. रंग द्यायला आरजीबीमध्ये वर सॉलिड कलरचा लेयर टाकून त्याचा मोड स्क्रीन करा, काळ्याच्या जागी तो रंग येतो आणि पांढरं पांढरंच राहतं.

छापायच्या आधी नोझल चेक (शाईची भोकं बंद नाहीत ना ते बघायची प्रिंटरची चाचणी) कराच, एक नोझल बंद असला तरी आकाशात आडव्या रेघा येतात. मीडिया टाइप ग्लॉसी, क्वालिटी सगळ्यात वरची, हाय स्पीड बंद, आणि कलर मॅनेजमेंटचं जे सेटिंग २१ चौकोनांच्या पट्टीला होतं तेच अगदी तसंच, म्हणून माझ्याकडे सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवलेला असतो. काही प्रिंटरना पारदर्शक कागद दिसतच नाही आणि "पेपर नाही" असं येतं, तेव्हा पुढच्या कडेला पांढऱ्या कागदाची पातळ पट्टी सपाट चिकटवा.

वाळवायची घाई करू नका. हात लावून कोरडी वाटली तरी रात्रभर ठेवा, आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर त्याहून जास्त. जुलैत माझी एक निगेटिव्ह कागदाला अशी चिकटली की काढताना दोन्ही गेल्या, कारण कागद पण आतून ओलसर होता. तेव्हापासून पावसाळ्यात फिल्म सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात असते आणि कागद आधी हेअर ड्रायरच्या गार हवेने परत सुकवून घेते.

दाबायला फोटो फ्रेमवाल्याकडून साधी काच आणि मागे पुठ्ठा, कडेने क्लिपा. लॅमिनेटेड काच नको, ती यूव्ही अडवते. ठरलेली मिनिटं झाली की आत आणून धुवा. बोअरचं जड पाणी असेल तर पहिल्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाका, अल्कलीने निळा उतरतो आणि आंबट पाण्यात मधल्या छटाही छान टिकतात. नंतर साध्या पाण्यात पिवळेपणा जाईपर्यंत.

आणि प्रत्येक निगेटिव्हच्या कडेला त्या २१ चौकोनांची छोटी पट्टी फोटोबरोबरच छापत चला, कर्व्हसकट. प्रिंट बिघडली की आधी पट्टी बघायची. पट्टी नीट आली आणि फोटो तेवढा काळवंडला तर एडिटिंग चुकलंय, पट्टीच फिकी आली तर ऊन कमी पडलं किंवा द्रावण जुनं झालंय, आणि पट्टीत पांढरं निळसर झालं असेल तर नोझल चेकपासून परत सुरू करा.