कडेवरचं नाव: बसऱ्याच्या लढाईची मेडलं घेण्याआधीची तयारी

पहिल्या महायुद्धातली ब्रिटिश मोहीम-पदकं, त्यातही मराठा पलटणींच्या शिपायांची, गोळा करायला निघालात तर आधी हत्यारं जमवा. दहापट दाखवणारं भिंग, मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारा डिजिटल कॅलिपर, सराफाकडे असतो तसा ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा, छोटी बॅटरी, सुती हातमोजे, वही आणि पेन्सिल. शाईचं पेन पदकाजवळ आणूच नका. मोबाईलच्या कॅमेऱ्याला जवळचं स्पष्ट टिपता येतं की नाही हे घरीच एखाद्या नाण्याच्या कडेवर पाहून ठेवा.

कडेवर एवढा भर का, तर सगळी माहिती तिथेच असते. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या दोन्हींच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. १९१४-१५ स्टार या ताऱ्याच्या आकाराच्या तिसऱ्या पदकावर हाच मजकूर मागच्या सपाट बाजूला असतो. राजाचा मुखवटा आणि पंखवाली देवी लाखो पदकांवर सारखीच. पदक एका माणसाचं होतं ते त्या एका ओळीमुळे. म्हणून बॅटरी तिरकी धरून, पदक थोडं थोडं फिरवत कडेचे सहा ते आठ फोटो घ्या. एका फोटोचं शेवटचं अक्षर पुढच्या फोटोत पहिलं आलं पाहिजे. मग ओळ वहीत जशीच्या तशी उतरवा. स्पेलिंग सुधारू नका, न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने भरलेलं एक अक्षर पुढे महिनाभर भलत्याच माणसाच्या मागे फिरवतं.

कोणाला कोणती पदकं मिळाली याचा हिशेब पाठ असू द्या. १९१४ चा स्टार फक्त फ्रान्स-बेल्जियमसाठी, ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळातल्या सेवेचा. सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याकडे उतरली, त्यामुळे तिच्या शिपायाला १९१४-१५ स्टार, वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल अशी तिन्ही मिळतात. १९१६ पासून पुढे लढाईवर गेलेल्याला शेवटची दोन. व्हिक्टरी मेडल एकटं कधीच दिलं गेलं नाही. ते सुटं दिसलं तर जोडीचं कुठे गेलं हे विचारा. बहुधा उत्तर सराफाकडे सापडतं: वॉर मेडलमध्ये साधारण औंसभर स्टर्लिंग चांदी असते, आणि १९७९-८० साली चांदी भडकली तेव्हा अशी पुष्कळ पदकं वितळली. वॉर मेडल ब्राँझचं निघालं तर ते बनावट ठरवून टाकू नका. लेबर कोअरच्या मजुरांना ते ब्राँझमध्येच दिलं होतं. चांदीच्या मानाने ते फार थोडं निघालं आणि त्यामागचा माणूस शोधणं जास्त कष्टाचं, पण ते कष्ट जरूर घ्यावेत.

आता खरेखोटेपणा. वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल दोन्हींचा व्यास ३६ मिमी. कॅलिपरने निदान चार ठिकाणी मोजा. जुनं नाव घासून नवं कोरलं असेल तर कड तेवढ्या जागी खाली बसते आणि माप अंशाने कमी भरतं. भिंगाखाली त्या जागेचा पत्रा आजूबाजूपेक्षा वेगळा चमकतो. पूर्ण पदकच साच्यात ओतलेलं असेल तर ते सगळीकडून किंचित लहान भरतं, कारण धातू थंड होताना आकसतो. पृष्ठभागावर बारीक छिद्रं दिसतात, अक्षरांच्या धारा बोथट असतात. वॉर मेडलची वरची दांडी सरळ आणि न फिरणारी, व्हिक्टरी मेडलला कडी. १९०८ च्या इंडिया जनरल सर्व्हिस मेडलच्या फितीवर मोहिमेच्या नावाच्या धातूच्या पट्ट्या असतात, वझिरिस्तान किंवा मलबार अशा. तिथे पट्टीचे रिवेट बघा. भाव वाढवण्यासाठी नंतर चढवलेल्या पट्टीचे रिवेट सहसा ओबडधोबड असतात.

पलटणींचा तक्ता घरून करून न्या. १९०३ च्या फेररचनेत मुंबईच्या पलटणींच्या नंबरात शंभर मिळवले गेले, म्हणजे तिसरी झाली १०३, दहावी झाली ११०, सतरावी झाली ११७. १९२२ मध्ये मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली: १०३ तिची पहिली बटालियन, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी. कडेवर ११० दिसली तर १९०३ ते १९२२ एवढा काळ आपोआप पक्का होतो. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात होत्या. तो ७ डिसेंबर १९१५ ला पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीने संपला. मात्र कडेवरची पलटण म्हणजे माणूस शेवटपर्यंत तिच्यातच होता असं धरून चालू नका.

शिपायाचा नंबर फक्त त्याच्या पलटणीपुरता असतो. दुसऱ्या पलटणीत त्याच नंबरचा वेगळा शिपाई सापडतोच, म्हणून नंबर आणि पलटण नेहमी जोडीने शोधा. नाव कारकुनाने कानावर पडलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. पवारचा पोवार होतो, जाधवचा जाधाओ, शिंदेचा सिंदे. शोधाला बसण्याआधी आडनावाची निदान पाच रूपं लिहून काढा.

माणूस युद्धात गेला असेल तर पहिली जागा युद्धात मेलेल्या शिपायांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची, तिची नोंदवही ऑनलाइन फुकट बघता येते. बसरा स्मारकावर ४०,००० हून अधिक जणांची नोंद आहे, पण भारतीय शिपायांची नावं त्या भिंतीवर कोरली नाहीत, फक्त पलटणवार आकडे दिले. नावं वहीत राहिली. त्या वहीत पुष्कळदा बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. पदकाच्या कडेवरून चिपळूण किंवा खेड तालुक्यातल्या एका घरापर्यंत पोचण्याचा हाच रस्ता. गावात गेल्यावर चावडी, शाळा, देऊळ, वेस इथल्या संगमरवरी पाट्या वाचा. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके मेले, एवढंच त्यावर असतं, नावं क्वचित. तरी आकडा नोंदवा, कमिशनच्या यादीतली त्या गावची नावं त्याच्याशी ताडून बघता येतात.

माणूस जिवंत परतला असेल तर काम अवघड. घरी डिस्चार्जचा कागद किंवा पेन्शनबुक आहे का ते आधी विचारा. मग बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरला नंबर, नाव, पलटण आणि गाव देऊन पत्र लिहा. लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमधले महायुद्धाचे सेवा-कागद ब्रिटिश शिपायांचे, आणि त्यांतलेही बहुतेक १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाले. आपल्याला तिथे उपयोगी पडतात त्या पलटणींच्या रोजनिशा, डब्ल्यूओ ९५ या मालिकेतल्या. शिपायाचं नाव त्यात अपवादानेच येतं, पण अमुक दिवशी पलटण कुठल्या खंदकात होती ते कळतं. जुन्या भारतीय मोहिमांच्या पदक-याद्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

घरी आणल्यावर पदक घासू नका. चिंच, राख, भांड्याची पावडर यांनी पिवळं पदक लखलखीत होतं खरं, पण व्हिक्टरी मेडलचा मूळचा रंग जातो आणि कडेची उथळ अक्षरं दरवेळी थोडी झिजतात. काही वर्षांत नाव वाचता येत नाही. कोरड्या मऊ कापडाने धूळ टिपा, बस. पीव्हीसीचे पाकीट, रबरबँड आणि लोकरी कापड दूर ठेवा. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी घालून बंद डब्यात ठेवा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, पुडी दर महिन्याला तपासा. फीत जुनी आणि मूळची असेल तर फाटकी असली तरी काढू नका.

कायद्याचंही बघून ठेवा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांपूर्वीची ऐतिहासिक वस्तू खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, आणि ही पदकं आता त्या वयाची झाली आहेत. परदेशातल्या लिलावातून आणत असाल तर पावती आणि लिलावातलं वर्णन पदकासोबत कायम ठेवा.

आणि घरातून घेत असाल तर पैशाचं बोलण्याआधी कडेची ओळ त्या घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. इंग्रजी अक्षरं न लागल्यामुळे आपल्या पणजोबांचं नाव त्यावर आहे हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसतं. ते कळल्यावर द्यायचं नाही म्हणाले तर फोटो आणि मापं घेऊन, ओळ त्यांच्यासाठी मराठीत लिहून देऊन उठा.