वकिलाच्या ऑफिसात पक्षकाराचं पहिलं बोलणं ऐकणारी व्यक्ती नेमताना : तयारीची यादी

नेमणूक करायची ठरली की बहुतेक ऑफिसांत आधी जाहिरातीचा मजकूर लिहिला जातो. तो सगळ्यात शेवटी लिहा. त्याआधी निदान आठवडाभर ऑफिसात येणारे फोन, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि दारात येणारी माणसं एका वहीत टिपून ठेवा : कोण, कशासाठी, किती वाजता आणि उत्तर कोणी दिलं. जिल्ह्याच्या गावात कोर्ट भरलं की वकील आणि कारकून दोघंही बाहेर असतात आणि नेमका तेव्हाच फोन वाजत राहतो. माणसं प्रत्यक्ष येतात ती मात्र संध्याकाळी सहानंतर. कामाची वेळ या वहीवरून ठरवा. रात्री साडेआठपर्यंत थांबावं लागणार असेल, तर घरी जायची सोय कशी होणार हे मुलाखतीतच बोलून घ्या.

नंतर या व्यक्तीने काय बोलायचं नाही, ते कागदावर उतरवा. सल्ला द्यायचा नाही, निकालाचा अंदाज सांगायचा नाही, इतकं लिहून भागत नाही. नेहमीची वाक्यंच लिहा. ‘काळजी करू नका, होऊन जाईल’ हे वाक्य आपल्याकडे धीर द्यायला सहज तोंडात येतं, पण घाबरलेला पक्षकार ते आश्वासन म्हणून ऐकतो आणि सहा महिन्यांनी तेच आठवून दाखवतो. त्याऐवजी काय म्हणायचं तेही ठरवून द्या : ‘मी सगळं लिहून घेतलंय, वकीलसाहेब कागद बघून तुमच्याशी स्वतः बोलतील.’ पहिल्या भेटीची फी ठरलेली असेल तर ती सांगायची मुभा द्या, खटल्याच्या फीबद्दल एक आकडाही नको.

आता नोंदीचा फॉर्म तयार करा. यात घाई करू नका, कारण नवीन माणूस या फॉर्मवरच चालणार आहे. सुरुवात नावांपासून करा आणि हकिकत ऐकण्याआधी समोरच्या बाजूचं नाव विचारा. वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या बार कौन्सिलच्या नियमांनुसार ज्या वादात आपण एका बाजूला सल्ला दिला किंवा तिचे कागद केले, त्यात दुसऱ्या बाजूने उभं राहता येत नाही. हकिकत आधी ऐकली आणि नाव नंतर कळलं, तर एकाची गुपितं दुसऱ्याच्या वकिलाच्या ऑफिसात येऊन पडतात. म्हणून दोन्ही नावं घ्यायची, आपल्या पक्षकारांचं रजिस्टर तपासायचं आणि मग पुढे. आपल्याकडे हे तपासणं सोपं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे-तिघे असतात, म्हणून वडिलांचं नाव आणि गाव हवंच. वाटणीच्या दाव्यात बहिणी सासरच्या नावाने येतात, तर जुन्या सात-बारावर आणि फेरफारात माहेरचं नाव असतं. बाईच्या नावापुढे दोन्ही नावांसाठी जागा ठेवा. दत्तू आणि दत्तात्रय एकच असू शकतात, हेही शिकवा.

फॉर्ममधला दुसरा मोठा रकाना तारखेचा. ‘कागद हातात कधी आला?’ हा प्रश्न ठळक छापा, कारण मुदत बरेचदा त्या दिवसापासून धावते. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस आणि ते उलटल्यावर फिर्यादीला एक महिना. दिवाणी दाव्याचं समन्स मिळालं की कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायची. कोर्ट ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. मोटार अपघाताच्या भरपाईचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. नेमलेल्या व्यक्तीने यातलं काहीही पक्षकाराला सांगायचं नाही. हा तक्ता टेबलाच्या काचेखाली असावा तो एवढ्यासाठी, की तारीख लिहिताच ‘आजच दाखवायचं’ असा शिक्का कुठे मारायचा ते कळावं. पाकीट सांभाळून ठेवायला सांगणं हेही फॉर्ममध्ये असू द्या; लोक समन्स आणतात आणि तारखेचा शिक्का असलेलं पाकीट घरी फेकून देतात. खटला आधीच चालू असेल तर १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा वेगळा ओळख क्रमांक) घ्यायचा, म्हणजे ई-कोर्ट्स या कोर्टांच्या संकेतस्थळावर पुढची तारीख लगेच दिसते.

अटकेच्या फोनसाठी वेगळा कागद करा. नाव, पोलीस ठाणं, किती वाजता नेलं, फोन करणाऱ्याचं नातं. अटक केलेल्याला २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं, त्यामुळे हा फोन आला की वकील कोर्टात असो की जेवायला बसलेला, त्याला गाठायचं. कोणत्या नंबरवर आणि तो लागला नाही तर कोणाला, हे आधी लिहून द्या.

घरातल्या छळाबद्दल फोन करणाऱ्या बाईला पहिल्यांदा हे विचारायचं : या नंबरवर परत फोन केला तर चालेल का, आणि कोणत्या वेळी? मेसेज पाठवायचा का, हेही तिलाच विचारून. नवऱ्याच्या हातात तोच मोबाइल असतो. फी परवडणार नाही म्हणून अशी बाई फोन ठेवून देते, तेव्हा तिला १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा नंबर आणि जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणाचा पत्ता द्या. १९८७च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि कोठडीत असलेल्यांना मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. आपल्याकडे केस आली नाही तरी चालेल, ही माहिती तिच्यापर्यंत पोचलीच पाहिजे.

सामान थोडंच लागतं. ऑफिसचा स्वतःचा मोबाइल आणि नंबर घ्या. पक्षकारांची आधार कार्डं आणि वैद्यकीय कागद कर्मचाऱ्याच्या खाजगी फोनवर जाता कामा नयेत, कारण माणूस नोकरी सोडतो तेव्हा फोन बरोबर घेऊन जातो. मूळ कागद शक्यतो ठेवून घ्यायचा नाही, घेतलाच तर पोच द्यायची. पैशाची पावती त्याच क्षणी. बोलायला दार लागणारी खोली हवी, निदान बाकापासून दूर एक टेबल तरी.

पगार ठरवताना केसमागे रक्कम ठेवू नका. वकिलाला काम मागत फिरता येत नाही आणि माणसं लावून ते आणवताही येत नाही, हे बार कौन्सिलच्या ३६व्या नियमात आहे. १९६१च्या अधिवक्ता कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. दलालांची यादी करण्याची आणि यादीतल्या माणसाने दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आली. आकडा वाढवायचं बक्षीस लावलं की खिडकीपाशी बसलेली चांगली व्यक्तीही दवाखान्याच्या दारात अपघाताच्या केस शोधू लागते. ठरावीक आणि नीट पगार द्या.

आता जाहिरात. काम, वेळ, गाव, पगार, अर्ज कुठे द्यायचा, बस. ऑफिसच्या यशाचं वर्णन त्यात नको, नाहीतर नोकरीची जाहिरात वकिलीची जाहिरात होऊन बसते.

माणूस कसा निवडावा याबद्दल माझं मत ठाम आहे. फर्डं इंग्रजी आणि कायद्याची पदवी यांना इथे कमी गुण द्या. कायद्याचा विद्यार्थी हुशार असतो, पण त्याला उत्तर देण्याचा मोह आवरत नाही. दवाखान्यात केसपेपर काढायला बसलेली व्यक्ती मला जास्त योग्य वाटते : त्रासलेल्या माणसाला बसवून नाव, वय, गाव बिनचूक लिहून घ्यायची तिला सवय असते. मराठी-हिंदी हवीच, नाशिक जिल्ह्यात असाल तर मालेगाव-सटाण्याकडच्या पक्षकाराची अहिराणी समजणारी व्यक्ती मिळाली तर फार बरं.

मुलाखतीत प्रश्नोत्तरं थोडी आणि एक सराव मोठा ठेवा. एखाद्या ज्युनिअरला शेतकरी व्हायला सांगा. त्याने बांधावरून सुरुवात करावी, भावाच्या लग्नातलं भांडण सांगावं, तलाठ्यावर रागवावं आणि मध्येच पुटपुटावं, ‘कोर्टाचा कागद आलाय, पोळ्याच्या आसपास.’ उमेदवार तिथे थांबतो का, नेमकी तारीख काढतो का, आणि तेही त्या माणसाला न दुखावता, एवढंच बघा. शेवटी लिहिलेलं परत वाचून दाखवायला सांगा. जो आपल्या मनाचं एकही वाक्य घालत नाही, त्याला पुढे बोलवा. आधीच्या मालकाला फोन कराच.

नेमणुकीच्या पत्राबरोबर गुप्ततेचं लेखी वचन घ्या. सही नसली तरी बंधन आहेच. पक्षकाराचं बोलणं गुप्त ठेवण्याबद्दलच्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२मध्ये वकिलाच्या कारकुनाचा आणि कर्मचाऱ्यांचाही समावेश आहे. पण गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ‘आज तुमच्याकडे अमका आला होता ना?’ असं बाजारात कोणी विचारलं तर काय उत्तर द्यायचं, याचा सराव पहिल्या दिवशी करून घ्या. पहिले पंधरा दिवस नवीन व्यक्तीने जुन्या कारकुनाशेजारी बसून फक्त नोंद करावी, आणि रोज संध्याकाळी वकिलाने स्वतः त्या दिवसाचे सगळे फॉर्म वाचून त्यावर सही करावी.