मराठी मॅन्युअल डॉकबुकमधून काढण्याआधी

वाळूजच्या कारखान्यातल्या मोटार पॅनेलचं मॅन्युअल डॉकबुकमधून (म्हणजे मजकुराला एक्सएमएल टॅग लावून पुस्तक लिहायच्या पद्धतीतून) मराठीत काढायचं, तर फाइलचं एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि भाषा मराठी, हे सांगायला नको. कागद मात्र ए-४ करून घ्या. स्टाइलशीट (टॅगांना पानाचं रूप देणारी फाइल) मुळात अमेरिकन लेटर आकार धरते; तो रुंद आणि आखूड, छापखान्यात समास बिघडतो.

प्रत्येक प्रकरणाला आणि विभागाला आयडी स्वतः द्या. आपोआप बनलेला आयडी बदलतो आणि काल दिलेली लिंक आज मोडते.

आता फॉन्ट. इथं घाई नको. एफओपी (पीडीएफ बनवणारा प्रोग्राम) किमान १.१ हवं, म्हणजे २०१२ चं किंवा नंतरचं. त्याआधीच्यात ‘किती’मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे बसते आणि जोडाक्षरं फुटतात. नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट एफओपीच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवा आणि चालवताना ती फाइल जोडा. नुसती बनवून ठेवून काही होत नाही.

स्टाइलशीटमध्ये फॉन्टचे मुख्य पॅरामीटर तीन: बॉडी, टायटल, मोनोस्पेस (सगळी अक्षरं सारख्या रुंदीची). पहिले दोन सुचतात, मोनोस्पेस राहतो. मागच्या वेळी तोच राहिला. मजकूर नीट, मथळे नीट, पण डिस्प्लेवरचा ‘पाणी नाही, मोटार बंद’ हा संदेश कॉम्प्युटर-आउटपुटच्या टॅगमध्ये होता, तो छापला गेला ‘#### ####, ##### ###’ असा. रात्री विहिरीवर उभ्या शेतकऱ्याला नेमकं तेच वाचायचं असतं. कारण साधं: मोनोस्पेस म्हणजे कुरियर, आणि त्यात देवनागरी नाही. तिथं कुरियरपुढे स्वल्पविराम देऊन नोटोचं नाव घाला.

एचटीएमएल बघून पीडीएफला होकार देऊ नका. ब्राउझर दुसरा फॉन्ट स्वतः शोधतो, एफओपी शोधत नाही. एफओपीच्या लॉगमध्ये ग्लिफ (फॉन्टमधली अक्षराची आकृती) नसल्याची सूचना येते, पण एका फॉन्टमागे आठेक अक्षरं झाली की ती थांबते. म्हणजे लॉगमधली तेवढीच अक्षरं दुरुस्त करून भागणार नाही. पीडीएफमधला मजकूर बाहेर काढून ‘##’ शोधा. मोनोस्पेस बघितला? परत बघा.

बाकी भराभर: आधी जिंगने (एक्सएमएल तपासणारा प्रोग्राम) व्हॅलिडेशन. एक्सइन्क्लूडचा (फाइली जोडून घ्यायचा) पर्याय चालू, नाहीतर वेगळ्या फाइलमधली प्रकरणं येतच नाहीत. आकृत्या एसव्हीजी. पीडीएफमधल्या बुकमार्कसाठी एफओपी-१ एक्स्टेन्शन्स हा पॅरामीटर १ वर. छपाईला देण्याआधी एक पान कागदावर काढा, तेही डिस्प्लेच्या संदेशांचंच.