फोमचं चिलखत बनवताय? आधी जाडी मोजा

कॉसप्लेसाठी, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश करून मिरवायला म्हणा किंवा गॅदरिंगमधल्या ऐतिहासिक नाटकासाठी, इव्हीए फोमचं (मुलांच्या खेळायच्या मॅटमध्ये असतो तो मऊ, लवचिक फोम) चिलखत करायला घेतलं की जो तो आधी कलरचंच विचारतो. कलर नंतर हो. खरी रडारड पॅटर्नमध्ये, म्हणजे फोम कापायच्या नमुन्यात आहे.

पद्धत माहितीच असेल, अंगावर क्लिंग फिल्म गुंडाळायची, वरून टेप, मार्करने रेषा, मग कापून तो आकार फोमवर उतरवायचा. पण टेपला जाडी नसते आणि फोमला असते, इथेच मी सपशेल आपटलो. समजा दंडाचा घेर २८ सेंटीमीटर, तुम्ही १० मिमी फोमची २८ चीच पट्टी कापली. ती गोल वळवली की आतली बाजू दबते, बाहेरची ताणते, लांबी तेवढीच राहते ती फक्त मधल्या रेषेची. म्हणजे तुमचे २८ फोमच्या पोटात गेले आणि हाताला उरले साधारण २५. मग घाला आता! हिशोब सोपाय, जाडी गुणिले ३.१४, तेवढी लांबी वाढवा. १० मिमीला तीन सेंटीमीटर, ५ मिमीला दीड. आणि माप आत जे घालणार ते कपडे घालून, हात वाकवून घ्या, कारण दंड फुगतो. तरी धाकधूक असेल तर उरलेल्या फोमच्या तुकड्याचं एक कडं करून चढवून बघा. नेटवरचं रेडीमेड टेम्प्लेट किती मिमीसाठी आहे हे लिहिलेलं नसेल तर एक रुपया देऊ नका. स्वतःची मापं लपवून ठेवणाऱ्या दादालोकांच्या मागेही लागू नका, वेळ जातो नुसता.

घाबरू नका पण, फोम बराच सांभाळून घेतो. हीट गनने गरम करून वळवा, गार होईपर्यंत धरून ठेवा, आकार राहतो.

ग्लू गनचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, उन्हात बंद गाडीत ठेवलं की जोड मऊ पडतात. एसआरवाला फेव्हिकॉल घ्या, लाकडाचा पांढरा नाही. दोन्ही कडांना पातळ लावायचा, बोटाला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं आणि नीट बघून, एकदा बसलं की सरकत नाही. पावसाळ्यात सुकायला वेळ लागतो, घाई नको. खिडक्या उघड्या ठेवा, धुळीचा मास्क त्या वासाला अडवत नाही.

कलरच्या आधी हीट गन फिरवून छिद्रं बंद करा, वर रबरासारखा लवचिक कोट द्या, नाहीतर कोपरापाशी रंग तडकतो. आणि कटरच्या पात्यात कंजूषी नको, बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं.