लाईक कुठल्या जाहिरातीला, ऑर्डर कुठल्या जाहिरातीतून? (माझा अनुभव)

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये, म्हणजे चपलांच्या बाजारात, आमचं छोटं दुकान. इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर जाहिराती सुरू केल्या, पैसे जात होते, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येत होत्या. पण कुठली ऑर्डर कुठल्या जाहिरातीतून आली, हेच कळत नव्हतं. गिऱ्हाईक नुसतं "रेट काय?" विचारायचं.

उपाय बिनखर्चाचा निघाला. व्हॉट्सॲपच्या क्लिक-टू-चॅट लिंकमध्ये आधीच लिहिलेला मेसेज टाकता येतो. प्रत्येक जाहिरातीला वेगळा मेसेज दिला: एकीला "कापशी व्हिडिओ बघितला", दुसरीला "कापशी फोटो बघितला" (कापशी हा कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार). वेबसाईटच्या लिंकना यूटीएम जोडले, म्हणजे गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीतून आलं ते दाखवणारी खूण. रोज रात्री दुकान बंद करताना वहीत चौकशी, ऑर्डर आणि परत आलेला माल, असे तीन आकडे लिहायचे.

आधी मी एक चूक करत होतो. फोटो, मजकूर आणि किंमत एकदमच बदलायचो, मग फरक कशानं पडला ते समजणार कसं? आता एका वेळी एकच गोष्ट बदलतो. आणि दोन्ही जाहिराती एकाच आठवड्यात चालवतो. दिवाळीतली एक आणि नंतरच्या मंदीच्या आठवड्यातली दुसरी, ही तुलना खोटीच. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) ए-बी टेस्टमध्ये, म्हणजे दोन जाहिरातींची तुलना करायच्या सोयीत, प्रेक्षक आपोआप विभागले जातात, ती वापरा.

निकाल बघून मी चकितच झालो. सजवलेल्या फोटोला लाईक भरपूर, ऑर्डर मात्र हातशिलाईच्या साध्या व्हिडिओतून. परत येणारा माल बहुतेक माप चुकल्यामुळे येत होता, म्हणून आता कागदावर पाऊल आखून त्याचा फोटो मागतो. जाहिरातीचा खर्च तेवढाच आहे, परतीची पार्सलं कमी झालीत.