प्रयोग फसला? या चुका टाळा

व्हिडिओत झकास जमलेला प्रयोग आपल्या ओट्यावर नेमका फसतो. मुलं हिरमुसतात आणि आपण "राहू दे, दुसरा करू" म्हणून पसारा आवरायला घेतो. खरं तर बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो.

सगळ्यात जास्त रडवते ती लिंबाची बॅटरी, म्हणजे लिंबात तांब्याचा तुकडा आणि जस्ताचा खिळा खोचून दिवा लावणं. पहिली चूक म्हणजे टॉर्चचा जुना बल्ब जोडणं. तो लागणारच नाही. एका लिंबातून जेमतेम ०.९ व्होल्ट मिळतात आणि प्रवाह तर नावालाच. लाल एलईडी घ्या. त्याला साधारण १.८ व्होल्ट लागतात, म्हणजे दोन लिंबं काठावर पास होतील, पण चार घेतलेली बरी. एकातला तांब्याचा तुकडा पुढच्यातल्या जस्ताच्या खिळ्याला, अशी साखळी करा. खिळा जस्ताचा मुलामा असलेलाच हवा, साधा लोखंडी नको. तरीही अंधारच? एलईडी उलटा करून बघा, त्याचा लांब पाय तांब्याच्या बाजूला यायला हवा. मग लिंबाच्या आत दोन धातू एकमेकांना टेकलेत का ते पाहा, तांबं पॉलिश पेपरने घासा. पण एका वेळी एकच बदल करा! माझ्या भाचीने सगळं एकदम बदललं, दिवा लागला, आणि कशामुळे लागला ते आजतागायत कळलेलं नाही. हो, आणि उजेड इतका मंद असतो की खोलीत अंधार केल्याशिवाय दिसत नाही. ती लिंबं नंतर खायची नाहीत, त्यांत जस्त उतरलेलं असतं.

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगत नसेल तर मिठात कंजुषी झालीय. पेलाभर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे मीठ लागतं. अंडं साध्या पाण्यातच तरंगलं तर ते शिळं आहे, दुसरं घ्या.

सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी फसफसत नसेल तर डबा तपासा. बेकिंग पावडर आणि खायचा सोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथे सोडाच हवा. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलेल्या बाटलीला झाकण मात्र कधीच लावू नका, ती फुटू शकते. आणि "अजून काय घालून बघू?" म्हणत मुलं ब्लीचकडे वळली तर तिथेच थांबवा. ब्लीच आणि व्हिनेगर मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता अशी चूक, ज्यात प्रयोग जमतो पण उत्तर चुकतं. ताटलीतल्या पाण्यात पेटती मेणबत्ती ठेवून वर पेला उपडा घालायचा, की पाणी आत चढतं. (मोठं माणूस जवळ हवंच.) "ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," असं आपण ठोकून देतो. पण हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो आणि ज्योत साधारण १६ टक्क्यांच्या आसपासच मान टाकते, म्हणजे बराचसा शिल्लक राहतो. करामत असते तापलेल्या हवेची. ती फुगते, थोडी कडेने बुडबुड्यांवाटे बाहेर पडते, आणि ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आक्रसते. म्हणून तर ज्योत विझल्यानंतर पाणी भरकन चढतं. पटत नसेल तर त्याच पेल्याखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन जवळपास तेवढाच, पाणी मात्र जास्त वर. दोन्ही वेळा पेल्यावर स्केचपेनने खूण करा, नाहीतर कधी जास्त चढलं यावरून भांडण ठरलेलं.